कलम २९५ अ (धार्मिक भावनांचा अवमान)

भारतीय दंडविधानातील एक कलम. १९२७ च्या २५ व्या कायद्याने ते दंडविधानात दाखल झाले. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तेथे ही तरतूद कलम २९९ म्हणून आहे. नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने अवमान करून त्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावणे हा या कलमाखालील गुन्हा होय. मूळची कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. १९६१ मध्ये ती तीन वर्षे झाली. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

पार्श्वभूमी : १९२४ मध्ये लाहोरच्या राजपाल या आर्यसमाजी प्रकाशकाने ‘रंगीला रसूल’ ही प्रेषित महंमदांच्या खाजगी जीवनावरील उर्दू पुस्तिका लेखकाचे नाव न देता छापली. तिच्याबद्दल त्याच्यावर कलम १५३ अ खाली खटला झाला. वर्गावर्गांत शत्रुत्व पसरविण्याविरुद्धचे हे कलम १८९८ पासून अस्तित्वात होते. खालच्या न्यायालयांनी राजपालला दोषी ठरविले. मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्या. दलीप सिंग यांनी मात्र त्याला सोडून दिले. पुस्तिका निंद्य आहे हे त्यांना मान्य होते. परंतु दिवंगत धर्मपुरुषावरील टीका रोखणे हा कलम १५३ अ चा उद्देश नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. निकालानंतर पंजाबात तीव्र क्षोभ उसळला. न्यायाधीशांवर टीका करणाऱ्या ‘मुस्लिम आउटलुक’ या लाहोरच्या पत्राच्या संपादकाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास झाला. अमृतसरच्या ‘रिसाला-इ-वर्तमान’ या मासिकातील अशाच स्वरूपाच्या लेखाच्या खटल्यात त्याच उच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने कलम १५३ अ लागू होते असे ठरविले. तरीही सरकारने नवे कलम आणण्याचे ठरविले.

विधेयक मध्यवर्ती विधिमंडळाच्या प्रवर समितीकडे गेले. मुंबईचे प्रतिनिधी बॅ. महंमद अली जिना तिच्यावर होते. धर्मावर प्रामाणिक टीका करणाऱ्याला आणि इतिहास लिहिणाऱ्याला संरक्षण राहिले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी आग्रहाने मांडले. बुद्धिपुरस्सरपणा व दुष्ट हेतू या दोन्ही अटी एकत्र घातल्या गेल्या, हे या कलमाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे पाऊल म्हटले पाहिजे. पुढे एप्रिल १९२९ मध्ये इल्मुद्दीन या तरुणाने राजपालचा खून केला. त्याच्या अपिलात वकील म्हणून जिनाच उभे राहिले. त्याच वर्षी इल्मुद्दीनला फाशी झाली.

महाराष्ट्राच्या संदर्भात या तारखांना वेगळे महत्त्व आहे. कायदा सप्टेंबर १९२७ चा. महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले ते २५ डिसेंबर १९२७ रोजी. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’पासून (१८७३) चालत आलेली धर्मचिकित्सेची परंपरा तेव्हा ऐन भरात होती. अवमान झाला एवढ्यावरच गुन्हा ठरला असता, तर या परंपरेतील बहुतेक लेखन कायद्याच्या कचाट्यात सापडले असते. हेतूच्या अटीकडे सुधारकांची ढाल म्हणून पाहावे लागते, ते यामुळे.

घटनात्मक वैधता : ‘गौरक्षक’ मासिकाचे संपादक रामजी लाल मोदी यांच्या खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कलम वैध ठरविले. कलम धर्माच्या प्रत्येक अवमानाला लागू नसून केवळ बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूच्या, तीव्र स्वरूपाच्या अवमानाला लागू आहे, आणि असा अवमान सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक ठरण्याकडे झुकतो, अशी त्यामागील भूमिका होती. अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्यही सुव्यवस्थेच्या अधीन असल्याचे न्यायालयाने नमूद केले. प्रत्यक्ष अशांततेशी निकटचा संबंध दाखविण्याची गरज या निकालात उरत नाही, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. महेंद्रसिंग धोनी यांना विष्णुरूपात दाखविणाऱ्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून झालेली कारवाई रद्द करताना (२०१७) न्यायालयाने अजाणता वा निष्काळजीपणे झालेला अवमान या कलमात येत नाही, याचा पुनरुच्चार केला.

कार्यपद्धती : केंद्र वा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून न्यायालयाला या गुन्ह्याची दखल घेता येत नाही. ही मंजुरी खटल्याच्या टप्प्यावर लागते. गुन्हा नोंदविण्यास व अटकेस लागत नाही. हेतूची तपासणी त्यामुळे अटकेनंतर होते, आणि निर्दोष सुटणाऱ्यालाही तोवर बरेच सोसावे लागते. कलमाचा खरा दोष येथे आहे.

महाराष्ट्रातील प्रकरणे : राज्य सरकारने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मधील राम व कृष्णावरील परिशिष्टावरून १९८८ च्या आरंभी मुंबईत विरोधाचे आणि समर्थनाचेही मोर्चे निघाले. मजकुरातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप घालून पुस्तक कायम ठेवण्यात आले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचे प्रकरण कलम १५३ अ खालचे; ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तो याच वादातून. पुस्तक सरकारजमा करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. याउलट आर. व्ही. भसीन यांच्या इस्लामविषयक इंग्रजी पुस्तकावरील बंदी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जानेवारी २०१० मध्ये उचलून धरली. कोणत्याही धर्मावर टीका करता येते, मात्र या पुस्तकाचा रोख द्वेष पसरविण्याकडे आहे, असे पीठाचे मत पडले. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे टीका व विद्वेष यांमधली रेषा न्यायालये कशी आखतात ते कळते.

अन्य देश : पाकिस्तानात दंडविधानाच्या याच प्रकरणात २९५ ब (१९८२) व २९५ क (१९८६) ही कलमे वाढविण्यात आली, इंग्लंड व वेल्समध्ये ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये रद्द झाला.

सद्यःस्थिती : कलम २९९ मध्ये इलेक्ट्रॉनिक साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे, हेतूच्या दोन्ही अटी टिकून आहेत. विधी आयोगाने २६७ व्या अहवालात (२०१७) द्वेषमूलक भाषणासाठी १५३ क व ५०५ अ ही दोन स्वतंत्र कलमे सुचविली होती. नव्या संहितेत ती आलेली नाहीत.