सावेदादांनी कॅमेरा विकला, मग?

७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. मुंबईत फोटोग्राफीचा धंदा करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांना, म्हणजे सावेदादांना, या खेळांनी असं काही वेड लावलं की त्यांनी इंग्लंडहून एक कॅमेराच मागवला. रायली कंपनीचा, २१ गिनी किमतीचा. १८९९मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायची सोय इथे नव्हती, ती लंडनला पाठवली. १९०१च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा चौपाटीवरच्या त्यांच्या स्वागताचंही चित्रण केलं. भारतातलं पहिलं वृत्तचित्र म्हणून आज त्याचा उल्लेख होतो.

आणि काही वर्षांनी सावेदादांनी कॅमेरा विकून टाकला.

सिनेमाच्या इतिहासात हे वाक्य बहुतेकदा हळहळत लिहिलेलं असतं. अरेरे, पहिला भारतीय चित्रपटकार आणि त्यानं कॅमेरा विकला! मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. कॅमेरा गेला करंदीकरांकडे. त्यांच्यासोबत होते पाटणकर आणि दिवेकर. याच पाटणकरांनी १९१५मध्ये नारायणराव पेशव्यांच्या वधावर चित्रपट काढला. म्हणजे एका हातातून सुटलेलं यंत्र तीन नव्या हातांत गेलं, आणि त्यातला एक जण पुढे चित्रपट बनवू लागला. हळहळायचंच असेल तर ते दुसऱ्या गोष्टीसाठी. ती कुस्ती, ते चौपाटीवरचं स्वागत, सावेदादांनी टिपलेल्या त्या फिल्मा आज कुठेच नाहीत.

हा सगळा जुना इतिहास मी गेले काही महिने का उपसतोय, तर आमच्या घरात हाच प्रश्न पडलाय. मी पुण्यातल्या एका कंपनीत कोड लिहितो. वडील महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत होते आणि आमचं घर अजून तिथेच, बिरवाडीच्या बाजूला आहे. काकांचा महाड शहरात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, रायगड बघून उतरलेल्या सहली, २० मार्चला चवदार तळ्यावर आलेली कुटुंबं आणि वर्षभर वसाहतीतल्या कामगारांचे गेटपासचे फोटो. या शेवटच्या कामाला काका 'डाळभात' म्हणायचे.

२२ जुलै २०२१च्या पुरात सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या. स्टुडिओत काचेच्या कपाटात मानानं मांडलेलं सगळं चिखलात गेलं. पावतीपुस्तकं गेली, एन्लार्जर गेला. वाचलं ते दोन ठिकाणचं. घरी वरच्या मजल्यावर आणून ठेवलेले तीन कॅमेरे, आणि स्टुडिओच्या माळ्यावर 'नंतर बघू' म्हणून फेकलेले निगेटिव्हचे खोके. त्या खोक्यांना कधी कुणी किंमत दिली नव्हती, म्हणून ते उंचावर होते.

कॅमेरे आहेत एक यशिका मॅट, एक निकॉन एफएम-२ आणि एक रशियन झेनिट. काका म्हणतात, विकून टाक. आई म्हणते, घरातली वस्तू आहे, राहू दे. माझ्या मित्रांचं मत असं की झेनिटची लेन्स मिररलेस कॅमेऱ्याला लावून रील बनव, मागची झाडं गरगर फिरल्यासारखी दिसतात. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणूनच पंचाईत आहे.

आधी 'राहू दे'चं बघू. कोकणातल्या हवेत कॅमेरा नुसता राहत नाही, सडतो. बंद कपाटातल्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्यातून सुटणारी आम्लं काचेवरचा लेप खातात. बुरशी पुसता येते, तिनं खाल्लेला लेप परत येत नाही. आतलं वंगण घट्ट होतं, शटरची पाती अडकतात. एसएलआरमध्ये आरशापाशी लावलेला स्पंज विरघळून डांबरासारखा चिकट होतो. यशिकाचा मीटर ज्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा ते सेल पर्यावरणाच्या कारणानं बंद झाले. एफएम-२चं तेवढं बरं आहे. शटर पूर्ण यांत्रिक असल्यानं सेल नसला तरी तो फोटो काढतो. पण त्यालाही हात लागावा लागतो. काकांचं म्हणणं सरळ आहे, "अरे, कॅमेरा म्हणजे पान्हा. खंडेनवमीला पूजा करायची आणि बाकी वर्षभर त्यानं काम करायचं. नुसता पुजलेला पान्हा गंजतो."

म्हणून कॅमेरे विकायचे, हे माझं जवळजवळ ठरलंय. सावेदादांसारखे, वापरणाऱ्याला.

फिल्मचं गणित मात्र बरोबर उलटं आहे आणि हे मला उशिरा उमगलं. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र म्हणजे चांदीचे कण. प्रकाश पडलेल्या जागची चांदी डेव्हलपरमध्ये काळी होऊन राहते, न वापरलेली हायपोत विरघळून निघून जाते. त्यामुळे वापरलेल्या हायपोलाही भाव असतो. त्यात लोखंडाची तार-जाळी सोडली की लोखंड विरघळतं आणि चांदी खाली बसते. दवाखान्यातली जुनी एक्स-रे फिल्म भंगारवाले किलोवर घेतात तेही याचसाठी. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' झळकला, बोलपट आले आणि मूकपटांना प्रेक्षक उरला नाही. गोदामात पडलेल्या त्या रिळांची एकच किंमत शिल्लक राहिली, त्यांच्यातली चांदी. आपल्याकडचे मूकपट नाहीसे होण्याच्या कारणांमध्ये आग आहे, हेळसांड आहे, आणि हा सरळ व्यवहारही आहे. १९६४मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायरांनी गावोगाव फिरून रिळं गोळा केली, पण तोवर बहुतेक मूकपट संपले होते. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं आज आहेत. तीही १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात.

थोडक्यात, कॅमेरा विकला की दुसऱ्याच्या हातात जगतो. फिल्म विकली की वितळते. आमच्याकडे मात्र दोन्ही एकाच यादीत लिहिलं होतं, 'स्टुडिओचं जुनं सामान'.

तिसरा पर्याय, बदलून वापरण्याचा. यात आपल्याकडे कोल्हापूरच्या पेंटर बंधूंपुढे जाईल असं उदाहरण नाही. आनंदराव आणि बाबूराव हे आतेमामेभाऊ की चुलतभाऊ याच्यावर वाद घालण्यापेक्षा त्यांनी केलं काय ते बघावं. नाटकांचे पडदे रंगवणारे हे दोघे 'राजा हरिश्चंद्र' पाहून सिनेमाच्या नादी लागले. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला, सिनेमे दाखवून पोट भरलं, आणि एकीकडे स्वतःचा कॅमेरा जुळवायला घेतला.

प्रोजेक्टरवरून कॅमेरा, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण दोन्ही यंत्रांचं हृदय एकच आहे. फिल्म सलग सरकली तर चित्र फरफटतं. ती एक घर पुढे जाऊन क्षणभर थांबली पाहिजे, थांबलेली असताना झडप उघडली पाहिजे, आणि झडप मिटल्यावर पुढचं घर आलं पाहिजे. मूकपटांच्या काळात हे सगळं हँडल फिरवून सेकंदाला १६च्या आसपास वेळा व्हायचं. प्रोजेक्टरमध्ये प्रकाश फिल्ममधून लेन्सकडे बाहेर जातो, कॅमेऱ्यात लेन्समधून फिल्मवर आत येतो. ल्युमिएर बंधूंची पेटी तर चित्रीकरण, छपाई आणि प्रक्षेपण तिन्ही कामं करायची. पेंटर बंधूंनी हे तत्त्व यंत्र खोलून ओळखलं. तत्त्व कळल्यावर खरी मेहनत सुरू होते. पेटीत प्रकाशाचा थेंबही शिरता कामा नये, प्रत्येक घर केसाच्याही फरकाशिवाय त्याच जागी थांबलं पाहिजे. १९१६मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन काम चालू ठेवलं आणि १९१८मध्ये कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२०मध्ये पडद्यावर आला. १९२९मध्ये प्रभात काढणाऱ्यांत हेच दामले होते. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो या बाबूरावांच्या आठवणीचा. 'सैरंध्री'ची प्रत मात्र आज नाही. पुन्हा तेच, यंत्राचा स्तंभ झाला आणि चित्र गेलं.

आता माझ्या मित्रांच्या सल्ल्याकडे येतो. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावता येते का, हे एका आकड्यावर ठरतं. लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यातलं अंतर. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर, झेनिटच्या एम-४२ आट्यांमध्ये ४५.४६, आणि सोनीच्या मिररलेसमध्ये फक्त १८. आरसा गेला, अंतर घटलं, म्हणून मधे एक पोकळ नळी घातली की काम होतं. यात काच नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. आम्ही कोडमध्ये जुन्या प्रणालीपुढे जे अ‍ॅडॉप्टर लिहितो ते याहून कितीतरी गुंतागुंतीचे असतात. निकॉननं १९५९ची ही बैठक दशकानुदशकं सांभाळली, कॅननने १९८७मध्ये जुनी मोडून नवी आणली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. गंमत म्हणजे मिररलेसनं दोघांच्याही जुन्या लेन्स एका रांगेत आणून बसवल्या.

गरगर फिरणारी झाडं मी दोन रविवार काढली. मजा आली, संपली.

कामाची लेन्स तिसरीच निघाली. बुडालेल्या एन्लार्जरला ५० मिलिमीटरची एल-निक्कोर होती. काकांनी ती पुरानंतर लगेच काढून, धुऊन, पुसून तांदळाच्या डब्यात ठेवली होती. एन्लार्जरची लेन्स सपाट वस्तूसाठी बनवलेली असते, कारण निगेटिव्हही सपाट आणि कागदही सपाट. कडेपर्यंत सगळं सारखं धारदार. तिच्या ३९ मिलिमीटरच्या आट्यांना एक रिंग, मधे बेलो, मागे सोनीचा कॅमेरा, खाली एलईडीचा पांढरा पत्रा. पूर्वी जिथे निगेटिव्ह असायची तिथे आता सेन्सर आहे, आणि जिथे कागद पसरायचा तिथे निगेटिव्ह. प्रकाश उलट्या दिशेनं चाललाय. पेंटर बंधूंची युक्ती, शंभर वर्षांनी, बिरवाडीच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

आणि निगेटिव्हचं काम तातडीचं आहे, कारण पुरानंतर लोक काकांकडे येऊ लागले. घरातले अल्बम चिखलात गेलेले. एक आजी आल्या, त्यांना मुलाच्या बारशाचा फोटो हवा होता. मुलगा आता नाही. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की सुटत नाहीत. ते ओलेच ठेवून स्वच्छ गार पाण्यात हळूहळू सोडवायचे असतात, हे त्या दिवसांत सांगणार कोण आणि स्वच्छ पाणी आणणार कुठून? प्यायलाच पाणी टँकरचं होतं. त्या घरांच्या आठवणींची दुसरी प्रत फक्त आमच्या माळ्यावर आहे.

कॅमेरे बघायला मुंबईहून एक गृहस्थ आले होते. त्यांना निगेटिव्हचे खोकेही हवे होते, सरसकट. जुन्या भारतीय फोटोंना बाहेर गिऱ्हाईक आहे म्हणाले. पैसे कॅमेऱ्यांपेक्षा जास्त देत होते. काका डगमगले, मी खोटं कशाला सांगू, मीही डगमगलो. मग मी कायदा वाचला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार तो काढून घेणारा असतो. म्हणजे फिल्मची पट्टी काकांची, चित्राचा हक्क गिऱ्हाइकाचा. गेटपाससाठी दहा मिनिटं रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा परदेशी कुणाच्या दिवाणखान्यात लटकवायची परवानगी आमच्याकडे नाही. काकांना कलम ऐकवायची गरज पडली नाही. ते म्हणाले, "उद्या ती आजी परत आली तर तिला काय सांगू?"

तर यशिका आणि झेनिट गेले, एका कला महाविद्यालयातल्या मुलीनं घेतले. ती खरंच रोल घालते, हे मी बघून घेतलं. एफएम-२ अजून आहे, त्याचं गिऱ्हाईक येतंय. एल-निक्कोर ओट्यावर आहे.

अडचण वेगळीच आहे. पाकिटांवर फक्त नंबर आहेत आणि नंबरांपुढची नावं ज्या पावतीपुस्तकांत होती ती वाहून गेली. त्यामुळे मी शनिवारी-रविवारी घरी येतो, काका समोर बसतात. मी फोनवर चित्र उलटं करून दाखवायच्या आत ते निगेटिव्ह उजेडात धरून माणूस ओळखतात. काळे दात, पांढरे केस, पांढरी बुबुळं, आणि काका म्हणतात, "हा शिंद्यांचा धाकटा." बाकीच्यांना गाव आठवतं, कंपनी आठवते, नाव आठवत नाही. नाव कळलं की मी फाइलला देतो, आणि घरचं कुणी सापडलं तर फोटो त्यांना पाठवतो. ४११ नंबरच्या पाकिटात गेटपासचे बारा चेहरे आहेत. सहा जणांची नावं लागली. उरलेल्या सहांच्या फाइलना सध्या मी गाव आणि आकडा एवढंच नाव दिलंय, पोलादपूर-१ पासून पोलादपूर-६ पर्यंत.