३१५ बोअरचं काडतूस : ताकद किती, मर्यादा कोणत्या?

मका, भुईमूग, हरभरा हाताशी आला की रानडुकरं आणि रोही एका रात्रीत शेताची वाट लावतात. मग पारावर विषय निघतो, रायफलचा परवाना काढावा का? आणि नाव येतं ते बहुतेक वेळा ३१५ बोअरचं. कुणी म्हणतं, एका गोळीत डुक्कर आडवं होतं. कुणी म्हणतं, ते आता जुनाट झालं. दोन्ही बोलण्यांत थोडं तथ्य आहे. पण परवान्यासाठी अर्ज करण्याआधी या काडतुसाची पुरती ओळख करून घेतलेली बरी.

हे काडतूस आलं कुठून?

३१५ म्हणजे ०.३१५ इंच, साधारण ८ मिलिमीटर. मूळ काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करातलं, १८९० च्या सुमाराचं. त्या वेळी हिंदुस्थानात इंग्रजांचं लष्कर ३०३ वापरत होतं. लष्कराची काडतुसं बाहेरच्यांच्या हाती पडू नयेत म्हणून खासगी लोकांना ३०३ ची बंदी झाली. शिकारीसाठी वेगळं काडतूस हवं होतं, ती जागा ३१५ ने घेतली.

तो फरक आजही टिकून आहे. ३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, ३१५ मोडत नाही. ३१५ ची रायफल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते. आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली दारूगोळा बनवणारी म्युनिशन्स इंडिया ही कंपनी पुण्यातून चालते.

जमेच्या बाजू

पहिली बाजू वजनाची. मूळ काडतुसाची गोळी २४४ ग्रेन, म्हणजे जवळपास १५.८ ग्रॅमची आहे. ३०३ ची लष्करी गोळी ११.३ ग्रॅमची असते. ३१५ ची गोळी नळीतून साधारण ६२० मीटर सेकंदाला या वेगाने सुटते. आजच्या रायफलींच्या मानाने हा वेग कमी, पण वजनामुळे जवळच्या अंतरावर दणका जबर बसतो. मऊ टोकाची गोळी लागल्यावर फुलते, त्यामुळे मोठं जनावरही लवकर खाली बसतं.

दुसरी बाजू साधेपणाची. रायफल बोल्टची आहे. बोल्ट ओढायचा, काडतूस चढवायचं, चाप दाबायचा. भानगडी कमी, त्यामुळे नीट साफसफाई ठेवली तर पिढ्यान् पिढ्या चालते.

मर्यादा

अंतर वाढलं की गोळी लवकर खाली येते. १०० मीटरवर नेम जुळवलेली रायफल २०० मीटरवर वीतभर किंवा त्याहूनही खाली मारते. म्हणजे नेम छातीवर धरला तर गोळी पोटात किंवा पायात जाते. जखमी डुक्कर उसात शिरलं, तर सकाळी पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. रात्री बॅटरीच्या उजेडात अंतराचा अंदाज तर हमखास चुकतो. म्हणून हे काडतूस शंभर-सव्वाशे मीटरच्या आतलंच समजावं.

पण नेम शंभर मीटरपुरता असला तरी गोळी तिथं थांबत नाही. नेम चुकला तर ती दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे तेवढ्या अंतरात शेजाऱ्याचं खोपटं, मेंढपाळाचा वाडा, रस्ता, वस्ती सगळं येतं. खडकावर आपटली तर कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नाही. मचाणावरून खाली मारलं, मागे मातीचा उंच बांध असला, तर धोका कमी होतो. सपाट रानात मात्र उभं राहून आडवी गोळी झाडणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ.

बारा बोअर की ३१५?

बारा बोअरचा उपयोग ३५-४० मीटरपर्यंतच. पण छर्रे रायफलच्या गोळीएवढे लांब जात नाहीत. दाट वस्तीच्या, छोट्या तुकड्यांच्या शेतात ही उणीवच फायद्याची ठरते. कायद्याचा कलही तिकडेच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, तर संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. रायफलसाठी योग्य कारण अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं.

परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे

इथंच जास्त लोक फसतात. शस्त्र परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. रानडुक्कर किंवा रोही मारायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. हातात परवान्याची रायफल आहे, पण ती परवानगी नाही, तर गुन्हा दाखल होतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रांची मर्यादा आली. वरातीत हवेत बेफिकिरीने गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर गेलेली गोळी खाली येतेच.

कट्ट्याच्या नादी लागू नका

३१५ ची काडतुसं चालणारे गावठी कट्टे पोलीस पकडतात, अशा बातम्या येतच असतात. या काडतुसाचा दाब पेलायला चांगल्या पोलादाची, मापात बनवलेली नळी लागते. कट्ट्याची नळी फुटली तर पहिला हात जातो तो चालवणाऱ्याचाच. जेल वेगळी.

मग घ्यावं का?

शेत मोठं, आजूबाजूला वस्ती नाही, मागे टेकडी किंवा बांध, हातात सराव आणि वन विभागाची परवानगी, एवढं सगळं असेल तर ३१५ भरवशाचं आहे. यातलं एक जरी कमी असेल तर बारा बोअर, कुंपण आणि रात्रीची राखण यांवरच भर द्यावा. नुकसान झालंच तर वेळेत वन विभागाकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. पीक पुढच्या हंगामात पुन्हा येतं, बांधापलीकडचा माणूस गेला तर तो परत येत नाही.