स्वस्त दुर्बीण आणि पक्का नेम

पुण्याहून मुंबईकडे जातांना वडगांव, कार्लें, लोणावळें, खंडाळें हीं गांवें ओळीनें लागतात. आगगाडींतील प्रवाशाला तेथील लेणीं, लोहगड-विसापूरचे कडे आणि पावसाळ्यांतील धुकें आठवतें. परंतु दुर्बीण आणि तोफ यांचा एक गाजलेला सामनाहि याच मावळ पट्ट्यांत झाला. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसविण्यासाठीं निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज सन १७७८ च्या डिसेंबरांत बोरघाट चढून वर आली. तिच्यांतील कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याचें धाडस पाहून मराठ्यांनींच त्याला ‘इष्टुर फाकडा’ असें नांव दिलें. ता. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास तो मारला गेला. शत्रूच्या फौजेचा अंदाज घेण्यासाठीं झाडावर चढून तो दुर्बिणींतून पाहत होता, आणि त्याच वेळीं मराठी तोफेच्या गोळ्यानें त्याला टिपलें, असें परंपरा सांगते. पुढें तळेगांवाहून परत फिरलेल्या त्या फौजेला मराठ्यांनीं वडगांवास कोंडलें व त्याच महिन्यांत तह लिहून घेतला. इष्टुर फाकड्याची समाधि वडगांवांत आजहि दाखवितात.

या कथेंत एक बोधक विरोध आहे. दुर्बीण ज्याच्या हातांत होती तो पडला, आणि ज्या तोफेनें त्याला पाडलें तिच्यावर दुर्बीण नव्हती. पाहणें आणि नेम धरणें हीं त्या काळीं दोन वेगळीं कामें होतीं. तीं पुढें एका नळींत एकत्र आलीं, महाग झालीं, मग स्वस्तहि झालीं. आज एखाद्या मध्यम स्थितीच्या घरांतील मुलगा किंवा मुलगी लहान रायफलीची नेमबाजी शिकूं लागली, म्हणजे वडिलांसमोर प्रश्न उभा राहतो: थोड्या पैशांत मिळणारी दुर्बीण घ्यावी काय, आणि घेतल्यास ती पारखावी कशी? या प्रश्नाचें उत्तर दुर्बिणीच्या इतिहासांतच पुष्कळसें दडलेलें आहे.

दूरचें जवळ दाखविणारी नळी सन १६०८ त हॉलंडमध्यें लोकांपुढें आली, आणि पुढच्याच वर्षीं गॅलिलिओनें ती आकाशाकडे वळविली. परंतु तिच्यांतून नुसतें दिसे. नेमकें कोठें पाहावयाचें तें ठरत नसे. ती उणीव विल्यम गॅस्कॉइन या तरुण इंग्रज ज्योतिष्यानें सन १६४० च्या सुमारास दूर केली. त्याच्या दुर्बिणींत कोळ्यानें जाळें विणलें होतें, आणि तो तंतु दूरच्या वस्तूबरोबरच स्पष्ट दिसतो असें त्याच्या ध्यानीं आलें. दुर्बिणींतील फुलीचा जन्म असा एका कोळ्याच्या धाग्यांतून झाला. गॅस्कॉइन स्वतः सन १६४४ त इंग्लंडांतील यादवी युद्धांत मारला गेला. त्याची फुली मात्र राहिली.

ही फुली बंदुकीवर चढावयास आणखी दोनशें वर्षें लागलीं. बारूदाच्या धक्क्यानें भिंगें हलत, आणि साध्या नळीच्या बंदुकीची गोळीच जेथें सरळ जात नसे तेथें दुर्बिणीचा उपयोग तो काय? आंतून पिळाचे खांचे पाडलेल्या नळ्या सुधारल्या, तेव्हां अमेरिकेंत व इंग्लंडांत हा प्रयत्न फळास आला. त्यांत मुंबईच्या सैन्यांत नोकरी केलेल्या डेव्हिडसन नांवाच्या अधिकाऱ्याचाहि वांटा आहे. त्यानें बसविलेली दुर्बीण व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफलीच्या डाव्या अंगाला लावीत, आणि अमेरिकेंतील यादवी युद्धांत दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनीं ती वापरली. तथापि असलीं साधनें मूठभरांनाच मिळत.

सामान्य माणसाचा या विद्येंत प्रवेश झाला तो लहान काडतुसामुळें. ‘पॉइंट टू टू’ म्हणून ओळखलें जाणारें, ५.६ मिलिमीटर व्यासाचें लांब काडतूस सन १८८७ त अमेरिकेंत निघालें. त्याचा आवाज थोडा, धक्का नाममात्र आणि किंमत कमी. बोअर युद्धांत आपल्या शिपायांचा नेम कच्चा ठरल्याचें पाहून इंग्लंडांत सन १९०१ त लहान रायफलींच्या मंडळांची संस्था निघाली. हिंदुस्थानांत सरसेनापति राहिलेले लॉर्ड रॉबर्ट्स या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते होते. कारकून व कारागीर संध्याकाळीं जमून लक्ष्यावर गोळ्या झाडूं लागले.

काडतूस स्वस्त झालें, मग दुर्बीण महाग कां? या प्रश्नाला विल्यम वीव्हर या अमेरिकन कारागिरानें सन १९३० त उत्तर दिलें. त्याची ‘३३०’ नांवाची दुर्बीण पाऊण इंची पोलादी नळीची होती. ती वस्तु सुमारें पावणेतीन पटच मोठी दाखवी, आणि बैठकीसह तिची किंमत १९ डॉलर होती. त्याच काळीं फेकर, उनर्टल यांसारखे कारागीर खास चांदमारीसाठीं लांब नळीच्या, आठ पटींपासून वीस पटींपर्यंत मोठें दाखविणाऱ्या दुर्बिणी करीत. त्यांच्या बैठकींना सूक्ष्ममापक स्क्रू असत आणि किंमतहि तशीच असे. वीव्हरनें मोठेपणा सोडला, परंतु फुली जागेवर राहील एवढी काळजी सोडली नाहीं. स्वस्ताईचें खरें गमक हेंच होय. काय वगळलें आणि काय राखलें, यावर वस्तूचें मोल ठरतें.

आजच्या स्वस्त दुर्बिणींत बहुधा याच्या उलट प्रकार दिसतो. डबीवर मोठमोठे आंकडे असतात, नऊ पट, बारा पट. आणि आंतले स्क्रू मात्र ढिले. म्हणून परीक्षा आंकड्यांची न करतां स्थैर्याची करावी. पन्नास मीटरांच्या स्पर्धेंत लक्ष्यावरील दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. कोनाची एक कला पन्नास मीटरांवर सुमारें साडेचौदा मिलिमीटर भरते. म्हणजे तें वर्तुळ एका कलेहूनहि लहान. इतक्या बारीक कामांत फुली जरा सरकली कीं सर्व व्यर्थ.

पहिली परीक्षा गोळी न झाडतां होते. रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेंकवावी, फुली पन्नास मीटरांवरील लक्ष्यावर आणावी, आणि रायफलीस हात न लावतां डोळा वर-खालीं व डावी-उजवीकडे हलवावा. फुली लक्ष्यावरून सरकतांना दिसली, तर तो पराशय नांवाचा दोष समजावा. शंभर मीटर व त्यापुढील पल्ल्यासाठीं जुळविलेल्या दुर्बिणी लहान रायफलीवर लावल्यास हा दोष हटकून दिसतो.

दुसरी परीक्षा चौकटीची. पांच गोळ्या झाडाव्या. मग वरची कळ वीस टिचक्या फिरवून पुन्हां पांच, नंतर उजवीकडे वीस, खालीं वीस आणि डावीकडे वीस. पाव कलेच्या एका टिचकीनें गोळी साडेतीन मिलिमीटरांहून किंचित् अधिक सरकावयास हवी. म्हणजे चौकटीची बाजू सुमारें ७३ मिलिमीटर भरावी, आणि शेवटच्या पांच गोळ्या पहिल्या पांचांवर येऊन बसाव्या. बाजू थोडी कमीअधिक भरली तरी चालेल, कारण तो हिशेब लिहून ठेवतां येतो. परंतु दुर्बीण मूळ जागीं परत येत नसेल, तर तिला कितीहि कमी किंमत महागच. मात्र ही परीक्षा करण्यापूर्वीं बैठकीचे स्क्रू घट्ट आहेत ना, आणि त्याच काडतुसांनीं साध्या माशीवरून रायफल कशी चालते, हें पाहून घ्यावें; नाहीं तर दोष एकाचा आणि बोल दुसऱ्याला असें होतें.

तिसरी परीक्षा मावळच्या हवेची. लोणावळ्याच्या पावसाळ्यांत बंद कपाटांतल्या चामड्यालाहि बुरशी येते. दुर्बीण कांहीं वेळ थंड जागीं ठेवून मग दमट हवेंत आणावी. बाहेरच्या भिंगावर धुकें आलें तर पुसतां येतें. आंत आलें तर नळीचे सांधे कच्चे आहेत, आणि चार महिन्यांत भिंगावर बुरशी धरणार हें निश्चित.

इतकें करून दुर्बीण उतरली, तरी तिच्याकडून काय मागावें याची मर्यादा ओळखली पाहिजे. भारतांत नेमबाजीची राष्ट्रीय संस्था सन १९५१ त निघाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होते. त्यानंतर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत सन २०१० त म्यूनिक येथें पन्नास मीटर रायफलींत जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें तीन आसनांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुणांनीं कांस्यपदक मिळविलें. या दोन्ही स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण चढविण्यास मुळीं परवानगीच नाहीं. डोळ्यापुढें एक बारीक छिद्र, नळीच्या टोंकास एक कडें, आणि मध्यें पन्नास मीटर हवा, एवढ्यावरच त्यांनीं यश मिळविलें.

मग शिकाऊ मुलाला दुर्बिणीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. काडतुसांच्या निरनिराळ्या पेट्यांपैकीं आपल्या नळीला कोणती मानवते तें ती दाखविते. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे आपला श्वास, आपली नाडी आणि घोड्यावरचें बोट फुलीला कसें हलवितात, हें शिकणाऱ्याला ती स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं देते. या कामाला चार पटींची साधी, पण जागा न सोडणारी दुर्बीण पुरते. जी दुर्बीण हात लपविते ती फसविते. जी हाताचा दोष उघडा करते ती शिकविते.

जुन्या मराठींत बंदुकीचा नेम धरण्याला ‘शिस्त धरणें’ असें म्हणत. आज त्या फारसी शब्दाचा अर्थ वळण, नियमितपणा असा झाला आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूर गेलेले नाहींत. दुर्बीण थोड्या पैशांत मिळते, आणि नीट पारखून घेतली तर चांगलीहि मिळते. शिस्त मात्र कोणत्याच दुकानांत विकत मिळत नाहीं.