सुजेआडचें मोडलेलें हाड

हात मोडला तर तो लोंबतो, पाय मोडला तर त्यावर भार देतां येत नाहीं. पण चेहऱ्याचें हाड मोडलें तर कांहीं तासांतच सूज येऊन तें व्यंग झांकून टाकते. वरून त्वचा अखंड असते आणि आंत गालाचें हाड खचलेलें किंवा डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटलेला असूं शकतो. हें झांकलेलें हाड जिवंत माणसांत पाहावें कसें, हा वैद्यकापुढील जुना प्रश्न होता.

फ्रान्समधील लील येथील शस्त्रवैद्य रेने ल फोर यांनीं १९०१ सालीं याबाबतचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रेतांच्या मस्तकांवर निरनिराळ्या दिशांनीं आघात करून व मग मांस काढून त्यांनीं हाडें तपासलीं. तेव्हां असें आढळलें कीं, वरचा जबडा वाटेल तसा फुटत नाहीं. तो ठराविक दुबळ्या रेषांवरच फुटतो. पहिली रेषा दातांच्या मुळांवरून आडवी जाते. दुसरी नाकाच्या मुळापासून दोहों बाजूंस त्रिकोणाकार उतरते. तिसरी दोन्ही खोबणींतून जाऊन मधला सबंध चेहरा कवटीपासून अलग करते. या तीन प्रकारांस आजही ल फोर यांचेंच नांव आहे. परंतु त्यांनीं जें पाहिलें तें मांस दूर सारून. जिवंत रोग्याच्या बाबतींत तो मार्ग बंद होता.

क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांस १८९५ सालींच लागला होता. हातापायांच्या हाडांस ते पुरेसे पडत. पण चेहऱ्यांतील पातळ हाडें, पोकळ्या व दांत यांच्या छाया एकमेकींत मिसळत. श्रोत्यांनीं कल्पना करावी कीं, एखाद्या पोथीचीं सर्व पानें एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरलीं आहेत व तीं वाचावयाचीं आहेत!

हीं पानें सुटीं केलीं तीं ई. एम. आय. या इंग्रज कंपनींतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनीं. डोक्याभोंवतीं क्ष-किरण फिरवावे, प्रत्येक कोनांतून किती पार होतात तें मोजावें, आणि त्या आंकड्यांवरून संगणकानें एकेका कापाचें चित्र मांडावें, अशी त्यांची योजना होती. यामागील गणित ॲलन कॉरमॅक यांनीं १९६३ व १९६४ सालीं स्वतंत्रपणें मांडलें होतें. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं विंबल्डन येथील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयांत पहिल्या रोग्याच्या मेंदूचें असें चित्र निघालें. १९७९ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हाच सी. टी. स्कॅन. यंत्र मेंदूसाठीं निघालें, पण काप जसजसे पातळ होत गेले तसतसा त्याचा उपयोग चेहऱ्याच्या हाडांसही होऊं लागला. पुढें काप रचून सबंध कवटीची त्रिमिति आकृतिही उभी करतां येऊं लागली. ल फोर यांस जें मांस काढून दिसलें, तें आज सुरी लावण्यापूर्वींच दिसतें.

तथापि यंत्र सर्वज्ञ नव्हे. लहान मुलांत खोबणीचा लवचिक तळ तडकून पुन्हां मिटतो, आणि डोळा फिरविणारा स्नायु त्या चिमटींत सांपडतो. चित्रांत फट जेमतेम दिसते. पण मुलाचा डोळा वर वळत नाहीं. उपचारास विलंब झाल्यास स्नायु कायमचा दुखावून मुलास एकाच्या जागीं दोन वस्तु दिसत राहण्याचा धोका असतो. म्हणूनच जाणता वैद्य चित्र हातीं असूनही मुलाला म्हणतो, “बाळ, वर बघ.”