खण आणि पाट : खानदेशातील घराचे लाकूड

मराठीत ‘खण’ म्हणजे घराच्या दोन खांबांमधला गाळा, आणि कपाटातला कप्पाही खणच. तसेच ‘कडीपाट’ म्हणजे कड्यांवर फळ्या अंथरून केलेले छत, आणि जेवायला बसायची बुटकी फळी तीही पाटच. ही शब्दांची सरमिसळ निव्वळ योगायोग मानण्याचे कारण नाही, कारण आज ज्याला फर्निचर म्हणतात ते खानदेशातील जुन्या घरात वास्तूपासून फारसे वेगळे काढता येत नव्हते आणि ते घडवणारा सुतार बहुधा एकच असे.

धुळे-जळगावकडील जुने घर धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे असे. जाड भिंती उन्हाळ्याची काहिली अडवत, पण छताचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असे : दगडी तळखड्यावर खांब, खांबावर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. या कामाला सागवान पसंत केले जाई, कारण त्यातील नैसर्गिक तेलामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. नांगर-वखराला मात्र बाभळीसारखे चिवट लाकूड लागे. एका लाकडाचे निमुळते टोक, ज्याला कुसू म्हणतात, दुसऱ्या लाकडाच्या भोकात घट्ट बसवायचे ही सांध्याची रीत खांब-तुळईला जशी, तशीच चौरंगाच्या पायांना आणि पलंगाच्या चौकटीलाही लागू पडे. भिंतीतच बसवलेले, लाकडी दारांचे फडताळ हे तर अर्धे घर आणि अर्धे कपाट होते. बंगई, म्हणजे साखळ्यांनी टांगलेला फळीचा झोपाळा, तुळईच्या बळावाचून टिकणे शक्यच नव्हते. देव्हाऱ्यात हे नाते सर्वांत स्पष्ट दिसते, कारण त्याचे छोटे खांब, त्यांमधील महिरप आणि वरचे शिखर म्हणजे हातभर उंचीचे देऊळच असते. याच मुलखाच्या दक्षिण सीमेवरील अजिंठ्याच्या चैत्यगृहांत नेमकी उलटी वाटचाल झाली होती : तेथे लाकडी छताच्या कमानदार फासळ्या, दगडाला त्यांची काही गरज नसताना, दगडात कोरल्या गेल्या.

लाकूड येई ते सातपुड्यातून आणि डांगच्या जंगलातून. तळोदे हे गाव, जे ब्रिटिश अमलात खानदेश जिल्ह्यात होते आणि आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, जिल्ह्यातील लाकडाची मुख्य बाजारपेठ होते आणि तेथील बैलगाड्या उत्तम समजल्या जात. मागणीला खरा जोर आला तो ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणे केल्यावर. 1819 साली धुळ्यात 401 घरे आणि 2509 माणसे होती. कचेऱ्या बांधण्यासाठी दूरवरून कारागीर आणले गेले, घरासाठी जागा भाडे न आकारता कायमच्या दिल्या गेल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी आगाऊ रकमाही देण्यात आल्या. गावच्या सुताराला बलुते, म्हणजे कामाबद्दल धान्याचा वाटा, मिळत असे; या नव्या शहरी कामाचा व्यवहार मात्र रोख पैशाचा होता, आणि धंद्याच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही नव्या नक्षीपेक्षा मोठा मानला पाहिजे.

कचेरीबरोबर खुर्ची, टेबल आणि दप्तराचे कपाट आले, म्हणजे कोणत्याही घरात ठेवता येईल आणि कोणत्याही घरातून उचलून नेता येईल असे सामान. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे आली आणि जळगावची पेठ वाढली. पुढे 1878च्या वन कायद्याने जंगलावरील सरकारी ताबा आणखी घट्ट केला, आणि कालांतराने लोखंडी तुळया व काँक्रीट आल्यावर सुताराच्या हातून घराचा सांगाडाच गेला. त्याच्याकडे उरली दारे, खिडक्या आणि फर्निचर.

अलीकडे जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांतील सागवान विकले जाते, कारण अनेक दशके वाळलेले लाकूड नव्या लाकडाइतके वाकत किंवा आकसत नाही, आणि दाराच्या फळ्यांची टेबले, खांबांचे दिव्यांचे स्तंभ गिऱ्हाइकाच्या मापाने बनवून दिले जातात. वास्तूपासून प्रेरणा घेतलेले फर्निचर असे त्याचे वर्णन केले जाते, जरी बऱ्याचदा ते फर्निचर म्हणजे खुद्द वास्तूचाच उरलेला तुकडा असतो. अशा टेबलाच्या फळीत कधी जुन्या कुसवाचे चौकोनी भोक तसेच राहिलेले असते, आणि गिऱ्हाईक सांगेल त्याप्रमाणे सुतार ते बुजवतो किंवा उघडे ठेवतो.