एजिना कोणाची मुलगी?

वंशावळ म्हणजे भूतकाळाची नोंद, असे आपण मानतो. इतिहास वाचताना मला मात्र अनेकदा दिसले आहे, की वंशावळीची आठवण गरज पडली की होते. ग्रीक पुराणकथांतील एजिना या जलपरीचे उदाहरण पाहा.

ग्रीकांच्या नद्या पुरुषदेव असत. एजिना ही असोपस या नदीदेवाची मुलगी. झ्यूसने तिला एका बेटावर पळवून नेले आणि बेटाला तिचेच नाव पडले. थीब्ज शहराला नाव देणारी थीबी ही तिची बहीण. पण असोपस नावाची एक नदी थीब्जजवळ होती, तर दुसरी दूर फ्लिअसजवळ. मग या मुली कोणत्या असोपसच्या? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस लिहितो, की फ्लिअसचे लोक दोघींना आपल्या नदीच्या मुली म्हणत. थीबी आमच्या असोपसची, असे थीब्जवाल्यांचे म्हणणे होते.

हा वाद निव्वळ पुराणातला नव्हता. हिरोडोटसने इ.स.पू. ५०६च्या सुमाराची हकिकत दिली आहे. अथेन्सकडून हरलेल्या थीब्जने डेल्फीला कौल लावला. उत्तर आले, ‘जवळच्यांकडे मदत मागा.’ शेजारची गावे तर आधीच बाजूने लढत होती. तेव्हा सभेत कोणीतरी म्हणाले, थीबी आणि एजिना बहिणी आहेत, म्हणजे आपले जवळचे ते एजिनाचेच लोक! मदत मागितल्यावर एजिनाने आपले पूर्वज, म्हणजे बहुधा त्यांच्या मूर्ती, पाठवल्या. थीब्ज पुन्हा हरले. त्यांनी पूर्वज परत केले आणि माणसे मागितली. मग एजिनाच्या जहाजांनी अथेन्सचा किनारा लुटला. अथेन्सशी एजिनाचे जुने वैर होतेच. बहिणींच्या नात्याने त्याला निमित्त दिले.

‘मुकद्दमा’ लिहिणारा इब्न खलदून म्हणतो, की नसब ही मुळात कल्पनेतली गोष्ट आहे. तिचा उपयोग माणसे जोडण्यापुरता. घराण्याचा शजरा अभिमानाने दाखवणाऱ्या आपल्या सर्वांना हे वाक्य झोंबेल.

इ.स.पू. ४३१मध्ये अथेन्सने एजिनाच्या लोकांना बायकामुलांसह बेटावरून हाकलले. त्यांना थायरिया येथे राहायला जमीन दिली ती स्पार्टाने. थ्युसिडिडीज त्याची कारणे सांगतो: अथेन्सशी वैर हे एक, आणि दुसरे म्हणजे भूकंप व हेलट गुलामांच्या बंडाच्या वेळी एजिनाने स्पार्टाला केलेली मदत. त्यात कोणत्याही जलपरीचे नाव नाही.

बेघर झालेल्यांना ‘तुमचा बाप कोण’ हे स्पार्टाने विचारले नाही. अडचणीत कोण धावून आले होते, एवढे लक्षात ठेवले. मला नात्याचा हा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो.