मिसरी, वाफ आणि चाळिशीनंतरची आग

तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना तो सांगायला नको, आणि ज्यांनी नाही घेतला त्यांना सांगून कळणार नाही. ठसका लावणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि तरी कुठेतरी गोडसर. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, चिखली-मेहकरकडच्या ज्या घरांत मी लहानपणी सुट्टीला जायचो, तिथे दुपारची जेवणं उरकली की हा वास यायचा. पानं काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, बारीक करून डबीत भरायची. झाली मिसरी! पुण्याकडे हिलाच मशेरी म्हणतात. बोटावर घेऊन हिरड्यांवर घासायची आणि कोणी विचारलंच तर म्हणायचं, दात घासतेय. दिवसातून सहा-सात वेळा दात घासणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे असतात, हे मात्र कोणी विचारायचं नाही.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय मिसरी. पण एकटी मिसरी नाही. पाळी जाण्याच्या वयातल्या बायका आणि त्यांचा तंबाखू, असा जोडविषय आहे. निमित्त झालं एका व्हिडिओ कॉलचं. इंग्लंडमधल्या आमच्या वहिनी (वय ४९, सिगरेट पहिल्या नोकरीपासून) सध्या सिगरेट सोडून व्हेपवर गेल्यात. तिकडे यात चोरीछुपे काही नाही. इंग्लंडच्या सरकारनेच २०२३ मध्ये दहा लाख लोकांना व्हेपचं किट देऊन सिगरेट सोडवायची योजना जाहीर केली होती. त्याच कॉलवर चिखलीहून मावशी. आणि दोघींची तक्रार एकच! रात्री घामाने गादी ओली, झोप नाही, छातीत धडधड, कुणावरही खेकसावंसं वाटणं. वहिनी म्हणाल्या, "हे मेनोपॉजचं की सिगरेट सोडल्याचं, तेच कळत नाहीये." मावशी म्हणाली, "आंगातून नुसती आग निंगते माय. अन् मिसरी नाई लावली तं डोक्सं फिरते." पुरुषमाणूस म्हणून मी गप्प बसलो, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

तंबाखू आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांबरोबर, हे शाळेत शिकलेलो असतो. त्याची एक गंमत मात्र शाळेत सांगत नाहीत. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा असद बेग नावाचा सरदार विजापूरहून परत आला, तो तिथून तंबाखू आणि जडावाची सुंदर नळी घेऊन आला. तिथपर्यंत उत्तरेच्या दरबाराला ही वस्तू नवीनच होती. बादशहाने दोन-चार झुरके मारल्यावर हकिमाने हात जोडले, की हे आमच्या ग्रंथांत नाही, घेऊ नये. तर खान-ए-आझम म्हणाला, मक्का-मदिनेत हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि हे आणलंय ते *औषध* म्हणून. लक्षात घ्या, तंबाखूची दरबारातली पहिली ओळख हीच. औषध! पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. तिचं काय झालं ते आपण पानटपरीवर रोज पाहतोच.

हा 'औषध' शब्द तंबाखूने नंतर कधी सोडला नाही. दात दुखतो, लाव. पोट साफ होत नाही, लाव. भूक मारायचीय, शेतावर ऊन आहे, जेवायला उशीर आहे, लाव. आणि बायकांच्या बाबतीत तर या औषधाच्या बुरख्याची गरजच होती. कारण पुरुषाचा तंबाखू राजरोस असतो. विडी ओट्यावर, चिलीम पारावर. शेगावला घरोघरी गजानन महाराजांची तसबीर आहे, महाराजांची चिलीमही सगळ्यांना माहीत, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण त्याच घरातली सून दारात विडी पेटवून बसली तर? गाव जमा होईल. म्हणून तिचा तंबाखू धुराशिवायचा, डबीतला, दंतमंजनाचं नाव घेतलेला.

इथे बुलढाण्याच्याच एका बाईची आठवण येणं अपरिहार्य आहे. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजातले. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती काळ्या पाण्यावर आली), आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून त्याला उत्तर दिलं. जे दोष बायकांच्या माथी मारता, तेच पुरुषांत नाहीत का, एवढाच त्यांचा सवाल. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी पुस्तक विसरून टाकलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. त्र्याण्णव वर्षं! ताराबाईंचा विषय तंबाखू नव्हता. पण चिलीम आणि डबी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की मला त्यांचाच सवाल दिसतो. एकच पान, एकच निकोटिन. त्याचा छंद होतो आणि तिची लपवाछपवी.

पश्चिमेत बायकांना सिगरेट उघड्यावर ओढायला लावली ती जाहिरातवाल्यांनी. १९२९ च्या ईस्टरला एडवर्ड बर्नेजने न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींना सिगरेटी पेटवून चालायला लावलं, आणि स्वातंत्र्याच्या मशाली म्हणून त्यांचे फोटो छापून आणले. पैसे अर्थातच सिगरेट कंपनीचे. आपल्याकडे असल्या मोहिमेची गरजच पडली नाही. मिसरीला मार्केटिंग लागत नाही, सासू पुरते.

हे प्रकरण किती मोठं असावं? माझ्यासारख्या माणसाला खूश करणारा एक डेटा सापडला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटाने पस्तिशीच्या पुढच्या ९९,५९८ लोकांची घरोघरी जाऊन पाहणी केली, तीही हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर नोंदी करत! (त्या काळात. आम्ही तेव्हा शाळेत फ्लॉपी घेऊन मिरवत होतो.) त्यात तंबाखू घेणाऱ्या बायका निघाल्या ५७.५ टक्के. निम्म्याहून जास्त, आणि जवळजवळ सगळ्या धूर न काढणाऱ्या, त्यातही मुख्यतः मिसरीवाल्या. मुंबईत! पुढे याच गटाने गरोदर बायकांचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये छापून आला. असा तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. दात घासायच्या पावडरीने बाळाचं वजन कमी होत नसतं.

सरकारला हे दंतमंजनाचं सोंग कळलं होतं. १९९२ मध्ये केंद्राने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, कोर्टबाजी झाली, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. छान झालं. पण ही बंदी कारखान्यातल्या पावडरीवर. मावशीच्या तव्यावर कोणता इन्स्पेक्टर येणार? तंबाखूचं पान बाजारात मिळतं, तवा घरात आहे.

आता दुसरा धागा. पाळी जाण्याचा.

सुश्रुताने पाळीचं वय साधारण बारा ते पन्नास असं सांगून ठेवलंय, म्हणजे गोष्ट आपल्याला नवी नाही. 'मेनोपॉज' हा शब्द मात्र अगदी अलीकडचा, १८२१ मध्ये गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने रुळवलेला. नाव मिळालं की आजार होतो, आजार झाला की औषध येतं. १९४२ मध्ये अमेरिकेत 'प्रेमारिन' ही गोळी बाजारात आली, गाभण घोडीच्या मुतापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची. (नाव त्यावरूनच पडलंय, इंग्रजी शब्द जोडून पाहा.) १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून सांगितलं की पाळी जाणं ही एक कमतरता आहे, गोळी घ्या आणि कायम तरुण राहा. या विल्सनसाहेबांना गोळीवाल्या कंपनीकडून पैसे मिळत होते हे नंतर बाहेर आलं. १९७५ मध्ये कळलं की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचा एक भाग मध्येच थांबवावा लागला आणि जगभर बायकांनी घाबरून गोळ्या फेकून दिल्या. आता पुन्हा फेरविचार होऊन साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बऱ्याच जणींना ती उपयोगी आणि बऱ्यापैकी सुरक्षित मानतात. म्हणजे लंबक इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आमच्या मावशीपर्यंत यातलं काहीच आलं नाही. ना गोळी, ना गोळीची भीती. घरातल्या बायकांच्या बोलण्यात पाळी जाणं म्हणजे सुटका. बाहेर बसणं संपलं, देवघर मोकळं झालं, लग्नाकार्यात पुढे होता येतं. हे खरंच मोठं सुख असणार, मी कोण नाही म्हणणारा. पण सुटकेच्या आनंदात तक्रार बसत नाही. रात्रीचा घाम सांगायचा कोणाला?

आणि इथे दोन्ही धाग्यांची गाठ बसते. सिगरेट ओढणाऱ्या बायकांची पाळी सरासरी एक-दोन वर्षं आधी जाते, आणि अंगातून वाफा येण्याचा त्रासही त्यांना जास्त होतो, हे पुष्कळ अभ्यासांतून पक्कं झालंय. जळण्यातून तयार होणारी काही रसायनं बीजकोशातल्या बीजांना मारतात आणि यकृताला इस्ट्रोजेनची वासलात लवकर लावायला शिकवतात. मिसरी ओढत नाहीत, पण ती भाजतात! आणि भाजताना तीच जळण्याची रसायनं तिच्यात उतरतात. साध्या चघळायच्या तंबाखूपेक्षा मिसरी वेगळी पडते ती इथे.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. निकोटिन सोडल्यावर पहिल्या दोन-चार आठवड्यांत काय होतं? झोप उडते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, मन उदास होतं, भूक वाढते, वजन चढतं. पाळी जाताना काय होतं? जवळपास तेच, शिवाय वाफा आणि घाम. आमच्या धंद्यात याला दोन बग एकाच एररवर येणं म्हणतात. एक दुरुस्त केला तरी एरर तशीच दिसते, मग माणूस समजतो की दुरुस्तीच चुकली आणि कोड जुना होता तसा परत टाकतो. मावशीने चार दिवस डबी कपाटात ठेवली. आग थांबली नाही, वर झोपही गेली. पाचव्या दिवशी मिसरी लावली, डोकं दहा मिनिटं शांत झालं. तिच्या दृष्टीने सिद्ध झालं की मिसरी हेच औषध. खान-ए-आझमची आठवण झाली मला.

वहिनींच्या व्हेपमध्ये निदान जळण नाही. निकोटिन आहे, सवय आहे, पण धूर नाही. २००३ मध्ये चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने ते यंत्र बनवलं, तो स्वतः सिगरेटचा गुलाम होता. ब्रिटनच्या आरोग्यखात्याने २०१५ मध्ये ते सिगरेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं आणि त्या आकड्यावरून अजून भांडणं चालू आहेत. भारताने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण सगळंच बंद केलं. शाळकरी पोरांच्या हातात ती खेळणी पडली नसती तर नवलच, म्हणून मला त्या कायद्याबद्दल फार तक्रार नाही. पण हिशोब बघा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या धूम्रपान करणाऱ्या बायका २ टक्के आणि धुराविना तंबाखू घेणाऱ्या १२.८ टक्के. सिगरेटवरून वाफेवर जाणं हा आपल्या बहुसंख्य बायकांचा प्रश्नच नाही. त्यांचं 'स्विचिंग' चालतं ते मिसरीवरून गुलवर, गुलवरून गुडाखूवर, नाहीतर सरळ तंबाखू-चुन्यावर. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला, त्याचा मावशीला फरक पडला नाही. तिचं पान आजही वजनावर मिळतं.

निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा च्युइंगम मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, पट्टी मिळते, २०१६ पासून १८००-११-२३५६ ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे. या गोष्टी उपयोगी पडतात. पण तीस वर्षं मिसरी घासून दात हललेल्या बाईला च्युइंगम चघळ म्हणणं जरा क्रूरच आहे. पट्टी बरी. आणि तिला आधीच कोणीतरी सांगायला हवं की पहिला महिनाभर दोन्ही गोष्टी एकदम छळतील, त्यातली एक महिन्याभरात जाईल आणि दुसरी काही काळ राहील, आणि त्या दुसरीवर वेगळे इलाज आहेत.

सगळ्या जणींची पाळी आपापल्या वेळी जाते असंही नाही. शेजारच्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारी पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले असतील तर ही सगळी आग एका रात्रीत सुरू होते, पस्तिसाव्या वर्षीही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तंबाखूचाही प्रश्न असतो आणि २०१५-१६ पासून गर्भाशय काढल्याचाही. मी मोठ्या आशेने तिचे तक्ते उघडले. बायकांची सविस्तर मुलाखत घेतात ती १५ ते ४९ या वयात. मावशीला गेल्या आषाढात पन्नासावं संपलं.